मोटारीचा रंग आणि मोटारीची चोरी

(वाहनधारकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाहनचोरीवर बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, तेव्हा मी कुलपे, किल्ल्या आणि रात्रीचा पहारा यांविषयी चार शब्द सांगेन अशीच आपली अपेक्षा असणार. ते मी सांगणार आहेच. तथापि, प्रारंभी एका अशा गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, की जिचा विचार मोटार घेताना आपण फार आवडीने करतो आणि चोरीच्या संदर्भात मात्र कधीच करीत नाही. ती गोष्ट म्हणजे मोटारीचा रंग. घरातील मंडळी दुकानात जातात, तेव्हा इंजिनाची चर्चा पाच मिनिटांत आटोपते आणि रंगावरून अर्धा तास वाद होतो. वडिलांना पांढरी हवी असते, मुलाला काळी, आणि लाल रंगाची गाडी लांबून ओळखू येते असे गृहिणीचे म्हणणे असते. चोराच्या दृष्टीने पाहिले तर या वादात गृहिणीचे म्हणणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

रंगाचा आणि चोरीचा संबंध आहे काय, हा प्रश्न नेदरलँड्स या देशात गांभीर्याने तपासला गेला. बेन व्होलार्ड नावाच्या संशोधकाने २००४ ते २००८ या काळातील तेथील चोरीस गेलेल्या मोटारींची माहिती रंगानुसार लावून पाहिली. काळ्या मोटारी चोरीस जाण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले, आणि करड्या व चंदेरी मोटारी त्यांच्या पाठोपाठ होत्या. या सर्व माहितीत गुलाबी रंगाच्या १०९ मोटारी होत्या. त्यांपैकी एकही चोरीस गेली नव्हती. भडक आणि क्वचित आढळणारा रंग हा महागड्या संरक्षक यंत्रणेइतकाच उपयोगी ठरू शकेल, असा तर्क त्यांनी यावरून मांडला. ही बातमी जगभर पसरली. ‘चोरी टाळायची असेल तर मोटार गुलाबी रंगवा’ असा तिचा सारांश लोकांच्या ध्यानात राहिला.

आता या १०९ मोटारींकडे जरा बारकाईने पाहू. त्या मुदतीत सर्वसाधारण मोटारी दर हजारी पाच या प्रमाणात चोरीस गेल्या, असे केवळ उदाहरणादाखल धरू. मग गुलाबी रंगाला काहीही गुण नाही असे मानले, तरी १०९ मोटारींमागे चोऱ्या किती अपेक्षित? सुमारे अर्धी. म्हणजे नुसत्या योगायोगानेसुद्धा, शंभरातून सत्तावन्न-अठ्ठावन्न वेळा, या गटात एकही चोरी आढळणार नाही. संख्याशास्त्रात याविषयी एक सोपा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट काही नगांपैकी एकातही घडली नाही, तर तीनला त्या नगांच्या संख्येने भागावे. खरे प्रमाण त्या भागाकाराहून कमी असेल, एवढेच पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. तीन भागिले १०९ म्हणजे पावणेतीन टक्के, हजारी सुमारे सत्तावीस. तेव्हा ‘एकही गुलाबी मोटार चोरीस गेली नाही’ हे वाक्य सत्य असले, तरी ‘गुलाबी मोटार चोरीस जाणार नाही’ हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय गुलाबी मोटार बाळगणारा मनुष्य हा सर्वसामान्य मालकासारखा असतो, असे तरी कशावरून म्हणावे? ती मोटार बहुधा लहान असेल, हौसेची असेल, फार लांब जात नसेल, आणि गल्लीतील प्रत्येकाला ती कोणाची हे ठाऊक असेल. यांतील कोणत्या कारणाने ती वाचली, हे केवळ रंगावरून कळत नाही.

काळ्या रंगाचेही तसेच आहे. ऐपतदार आणि अधिकारी वर्गाच्या मोठ्या मोटारी पुष्कळ देशांत काळ्या असतात. चोराला मोठी, महाग मोटार हवी असेल, तर त्याच्या हाती काळी मोटार अधिक वेळा लागणारच. येथे दोष रंगाचा नसून मोटारीच्या किमतीचा असू शकतो. म्हणून तुलना करायची तर एकाच बनावटीच्या, एकाच वर्षी निघालेल्या काळ्या आणि पांढऱ्या मोटारींची करावी लागते.

आपल्याकडे याच्या नेमके उलट विधान ऐकू येते. ‘सर्वांत जास्त चोऱ्या पांढऱ्या मोटारींच्या होतात’ असे अधूनमधून छापून येते. पण भारतात रस्त्यावर सर्वाधिक मोटारीच पांढऱ्या आहेत. आपल्या उन्हात पांढरी मोटार कमी तापते, धूळ तिच्यावर फारशी उठून दिसत नाही आणि विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते. समजा, एखाद्या गावात सहाशे पांढऱ्या आणि शंभर काळ्या मोटारी आहेत. वर्षभरात सहा पांढऱ्या आणि दोन काळ्या चोरीस गेल्या. वर्तमानपत्रात मथळा येईल, ‘पांढऱ्या मोटारींवर चोरांचा डोळा’. प्रत्यक्षात पांढऱ्या मोटारीच्या मालकाला धोका शंभरात एक आणि काळीच्या मालकाला शंभरात दोन, म्हणजे दुप्पट. चोरीचा आकडा सांगताना एकूण मोटारींचा आकडा सांगितला नाही, तर ऐकणाऱ्याची अशी दिशाभूल होते.

मग रंगाचा चोरीशी काही संबंधच नाही काय? माझे मत तसे नाही. संबंध आहे, पण तो समजून घेण्यासाठी चोर मोटारीचे पुढे काय करतो, हे पाहिले पाहिजे.

गुन्हेशास्त्राचे ब्रिटिश अभ्यासक रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये असा प्रश्न विचारला की, सगळ्या वस्तूंमध्ये काही थोड्याच वस्तू वारंवार का चोरीस जातात? त्यांचे उत्तर असे की, अशा वस्तू लपविता येतात, हलविता येतात, हाताशी असतात, मौल्यवान असतात, उपभोगण्याजोग्या असतात आणि त्यांची विल्हेवाट सहज लावता येते. यांतील पहिला आणि शेवटचा गुण मोटारीच्या बाबतीत रंगावर अवलंबून आहे. पांढरी मोटार चोरून दोन चौक पुढे नेली की ती इतर पांढऱ्या मोटारींत मिसळते. शेवाळी-पोपटी मोटार पुढच्या गावीही ‘अरे, ही कुणाची?’ असा प्रश्न उत्पन्न करते. विल्हेवाटीचे म्हणाल तर चोरलेली मोटार अखंड विकली जाते किंवा तिचे भाग सुटे करून विकले जातात. अखंड विकायची तर गिऱ्हाईक हवे, आणि गुलाबी मोटारीला गिऱ्हाईक कोठून आणावे? सुटे भाग विकायचे म्हटले, तरी बॉनेट, दरवाजे आणि डिकीचे झाकण यांना रंग असतो. अपघातात चेपलेला दरवाजा बदलू पाहणाऱ्याला पांढरा दरवाजा लगेच चालतो, कारण त्याची मोटार बहुधा पांढरीच असते. गुलाबी दरवाजा आधी घासून रंगवावा लागतो, आणि मग त्यात चोराला काय उरणार? उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या मोटारींचे भाग सुटे करण्यासाठी अनेक वर्षे कुप्रसिद्ध होता. २०२१ मध्ये पोलिसांनी तेथे मोठी कारवाई करून तो धंदा बंद पाडला. असा बाजार चालतो तो सर्वांना लागणाऱ्या, सर्वत्र खपणाऱ्या मालावर.

गंमत अशी की इंजिन, गिअरपेटी, चाके आणि दिवे यांना रंगाशी कर्तव्य नसते. ज्या मोटारीच्या इंजिनाला मागणी आहे, ती गुलाबी असली तरी इंजिनापुरती चोरीस जाऊ शकते. म्हणून रंगाचे संरक्षण हे अपुरे संरक्षण आहे. आणि त्याची किंमतही मालकालाच मोजावी लागते. जी मोटार चोराला विकता येत नाही, ती विकण्याची वेळ आली तर मालकालाही विकणे जड जाते. चोरीचा धोका कमी करण्यासाठी पुढे विक्रीत मोठे नुकसान सोसावे की नाही, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणखी एक अडचण आहे. रंगाचा गुण त्याच्या दुर्मीळपणात आहे. उद्या सर्वांनीच गुलाबी मोटारी घेतल्या, तर गुलाबी दरवाजेही खपू लागतील.

सगळ्या मोटारी एकाच रंगाच्या असल्या म्हणजे काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. फोर्ड कंपनीची ‘टी’ मोटार १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच निघत असे. एकच रंग कारखान्याच्या वेगाला सोयीचा होता. लक्षावधी सारख्या काळ्या मोटारी अमेरिकेच्या रस्त्यांवर आल्या आणि त्यांची चोरीही राजरोस होऊ लागली. एका राज्यातून चोरलेली मोटार दुसऱ्या राज्यात नेणाऱ्यास शिक्षा देण्यासाठी १९१९ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे मोटारींवर ओळखक्रमांक कोरण्याची पद्धत रूढ झाली आणि १९८१ पासून तेथे सतरा अक्षर-अंकांचा ठरीव क्रमांक आला. डोळ्यांना जी ओळख पटत नव्हती, ती क्रमांकाने पटवावी लागली.

आपल्याकडे मोटारींपेक्षा दुचाकींच्या चोऱ्या कितीतरी अधिक होतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आणि ज्याची दुचाकी जाते, तो बहुधा ऐपतदार नसतो. दूध घालणारा, वसुली करणारा, तालुक्याच्या गावी कामाला जाणारा कारागीर, असा तो मनुष्य असतो. कर्जाचे हप्ते चालू असतात आणि गाडी गेलेली असते. एस.टी. स्थानकाबाहेरच्या वाहनतळावर सकाळी उभे राहून पाहा. शंभर सीसीच्या काळ्या मोटारसायकलींची रांगच्या रांग असते. टाकीवरील पट्ट्याचा रंग तेवढा कोठे तांबडा, कोठे निळा. मालक स्वतःच चुकून दुसऱ्याच्या गाडीला किल्ली लावतो, तेथे पहारेकऱ्याने काय ओळखावे? अशा ठिकाणी टाकीवर स्वतःची अशी ठळक खूण असणे मला मोटारीच्या गुलाबी रंगापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

उठून दिसण्याची भीती चोराला किती असते, याचे उत्तम प्रमाण पश्चिम जर्मनीने दिले. तेथे मोटारसायकलस्वारास शिरस्त्राण, म्हणजे आपले हेल्मेट, सक्तीचे होते; पण ते न घालणाऱ्यास जागच्या जागी दंड करण्यास १९८० मध्ये प्रारंभ झाला. त्या वर्षी तेथे सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या. १९८६ पर्यंत हा आकडा सुमारे ५४ हजारांवर आला. हेल्मेटचा हेतू डोके वाचविण्याचा होता; चोरीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पण घडले ते असे, की संधी साधून गाडी पळविणाऱ्याजवळ हेल्मेट नसे, आणि बोडक्या डोक्याने निघाला की पहिल्याच चौकात पोलीस त्याला अडवी. त्या काळात मोटारींच्या आणि सायकलींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे चोर दुसरीकडे वळला असेही झाले नाही. पुष्कळशा चोऱ्या मुळी घडल्याच नाहीत. हेल्मेटचा कंटाळा करणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना हा आकडा मी नेहमी सांगतो. डोक्याची काळजी नसेल, तर निदान गाडीची तरी असावी!

त्याच देशात १९६३ पासून सर्व मोटारींना, जुन्या आणि नव्या, स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे झाले आणि चोऱ्या लक्षणीय घटल्या. ब्रिटनने हाच नियम १९७१ मध्ये केवळ नव्या मोटारींना लावला, तेव्हा चोर जुन्या मोटारींकडे वळले. उपाय तोच, पण तो अर्ध्याच लोकांना दिला, तर संकट उरलेल्या अर्ध्यांवर जाऊन पडते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. युरोपीय समुदायात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. खऱ्या किल्लीतील सूक्ष्म यंत्राचा संकेत मिळाल्यावाचून इंजिन सुरूच होऊ नये, अशी ही व्यवस्था असते. उपरोल्लिखित व्होलार्ड आणि यान व्हान ऑवर्स यांनी नेदरलँड्समध्ये तिचा अभ्यास केला. मोटारचोरीचे एकूण प्रमाण तिच्यामुळे सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरले, असा निष्कर्ष त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. १०९ गुलाबी मोटारींची कथा ज्यांना पाठ आहे, त्यांना त्याच संशोधकाचे हे कितीतरी भक्कम काम ठाऊक नसते. रंगाची गोष्ट मनोरंजक आहे, कुलपाची नाही. एवढाच काय तो फरक.

आता रंगाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. चोरी टाळण्यात रंगाचा उपयोग मर्यादित असला, तरी चोरी उघडकीस आणण्यात आणि फसवणूक ओळखण्यात तो फार मोठा आहे. वाहनाच्या नोंदणी-प्रमाणपत्रात, ज्याला आपण आर. सी. बुक म्हणतो, त्यात इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक यांच्या जोडीला रंगाचीही नोंद असते. फिर्याद नोंदविताना ठाणे अंमलदार गाडीचा रंग विचारतोच. आपण सांगतो, ‘पांढरा’. प्रमाणपत्रात मात्र कंपनीने ठेवलेले मोत्याचे वा हिमाचे एखादे लांबलचक इंग्रजी नाव असते. करड्या रंगाचे तर सांगूच नका. एकाला तो राखी दिसतो, दुसऱ्याला चंदेरी, तिसऱ्याला निळसर. रस्त्यावरील पिवळ्या सोडियम दिव्यांच्या उजेडात गडद निळी आणि काळी मोटार यांत फरक करणे कठीण जाते, त्यामुळे रात्री पाहिलेल्या साक्षीदाराचे रंगाविषयीचे म्हणणे जपूनच घ्यावे लागते. आपल्या आजीच्या तोंडी अबोली, आमसुली, मोतिया, डाळिंबी, मोरपंखी असे कितीतरी रंग होते आणि प्रत्येकाची छटा नेमकी होती. तेवढी नेमकी भाषा फिर्यादीत आली, तर तपासाला मदतच होईल. नाहीपेक्षा निदान प्रमाणपत्रातील रंगाचे नाव जसेच्या तसे सांगावे आणि गाडीची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे जवळ ठेवावीत.

काही रंग तर ओळखीसाठीच राखलेले असतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कोणीही दुरून ओळखतो. प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण त्या रंगांची ओळख कायम आहे. अशी टॅक्सी चोरणाऱ्याला ती आधी रंगवून घेतल्याखेरीज खाजगी म्हणून खपविता येत नाही. ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ अन्वये संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे. इतरांना तो लावता येत नाही. क्रमांकपट्टीचा रंगही बोलका असतो. पांढऱ्यावर काळी अक्षरे खाजगी वाहनाची, पिवळ्यावर काळी भाड्याच्या वाहनाची, आणि हिरवी पट्टी विजेवर चालणाऱ्या वाहनाची. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांसाठी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी उत्पादकाकडूनच पुरविली जाते. तिच्यावर अशोकचक्राचे चकाकते चिन्ह आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि तिची कडी एकदा बसविली की मोडल्यावाचून निघत नाही. जुन्या वाहनांनाही ती लावून घेणे बंधनकारक करण्यात आले आहे. ज्यांनी अद्याप लावलेली नाही, त्यांनी याकडे केवळ दंडाच्या भीतीने पाहू नये.

चोर मोटारीचा रंग बदलतो, तेव्हा खरा बळी कोण ठरतो? ज्याची मोटार गेली तो तर असतोच; पण दुसरा बळी असतो ती मोटार स्वस्तात विकत घेणारा. वस्तुविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम २७ चे तत्त्व असे आहे की, विकणाऱ्याजवळ जेवढा मालकीहक्क असतो, त्याहून अधिक हक्क सर्वसाधारणपणे घेणाऱ्याला मिळत नाही. चोराजवळ मालकीहक्क नसतो, तेव्हा प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकालाही तो मिळत नाही. पोलीस मोटार जप्त करतात, ती मूळ मालकाकडे किंवा विमा कंपनीकडे जाते, आणि या माणसाने पोटाला चिमटा काढून जमविलेले पैसे बुडतात. चोरीचा माल आहे हे जाणून घेतला असेल, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली तो स्वतःच आरोपी ठरतो. याच संहितेने प्रवासी किंवा माल यांच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या चोरीसाठी कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे.

तेव्हा जुनी मोटार घेताना रंगाला प्रश्न विचारायला शिकले पाहिजे, आणि हे काम फारसे अवघड नाही. बाहेरून रंगविलेली मोटार आतून क्वचितच पूर्णपणे रंगविली जाते. दरवाजा उघडून चौकटीवरची रबराची पट्टी थोडी ओढून पाहा. तिच्याखाली वेगळा रंग दिसला तर विचारणा करा. डिकीतील गालिचा उचला. जादा चाकाच्या खाचेत, बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या खाली आणि इंधनटाकीच्या झाकणाच्या आत पाहा. बिजागऱ्यांच्या बोल्टांवरचा रंग टवका गेल्यासारखा निघाला असेल, तर ते बोल्ट कधीतरी फिरविलेले आहेत. खिडकीच्या रबरावर, दिव्यांच्या कडांवर आणि चाकांच्या आतील काळ्या भागावर फवाऱ्याचे बारीक शिंतोडे उडालेले असतात, ते गॅरेजवाल्याला पुसावेसे वाटत नाहीत. मोटार उन्हात उभी करून तिरप्या नजरेने पाहिली की एका दरवाजाची झाक दुसऱ्याहून निराळी दिसते. पुष्कळ मोटारींवर कारखान्याने लावलेल्या पट्टीवर रंगाचा संकेतांक असतो. तो प्रमाणपत्रातील रंगाशी ताडून पाहता येतो. पुन्हा रंगविलेली प्रत्येक मोटार चोरीचीच असते असे मुळीच नव्हे. अपघात, गंज, मालकाची हौस, अशी साधी कारणेही असतात. पण कारण विचारल्यावर विकणारा गोंधळला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

यानंतर चासी क्रमांक डोळ्यांनी पाहावा, आणि तो घासलेला किंवा त्याभोवतीचा पत्रा जोडलेला तर नाही ना, याची खात्री करावी. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर नोंदणीचा तपशील पाहता येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर एखादे वाहन चोरीस गेल्याची नोंद आहे काय, हे सामान्य नागरिकालाही तपासता येते. एवढी सोय उपलब्ध असताना केवळ ओळखीच्या दलालाच्या शब्दावर लाख-दोन लाख रुपये मोजणे, याला काय म्हणावे?

चोरीच्या खबरदारीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आपणांस बव्हंशी ठाऊक आहे. फक्त पाळली जात नाही. स्टिअरिंगला बाहेरून लावायचे लोखंडी कुलूप आजही उपयोगी आहे. ते लांबून दिसते, हाच त्याचा गुण. बिनकिल्लीच्या मोटारींचा संकेत घरातील किल्लीवरून यंत्राने पकडून दाराबाहेरची मोटार पळविण्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा अशी किल्ली दाराजवळ न टांगता धातूच्या डब्यात ठेवावी. गाडी धुणाऱ्याकडे किंवा दुरुस्तीला देताना दुसरी किल्ली गाडीतच विसरू नये. मागच्या काचेवर आपण ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ मोठ्या श्रद्धेने लिहितो. चोर तो पहिल्या रात्रीच खरवडून काढतो. त्यापेक्षा सर्व काचांवर कोपऱ्यात क्रमांक कोरून घ्यावा. तो काढायचा तर काचाच बदलाव्या लागतात.

चोरी झालीच, तर ताबडतोब फिर्याद द्यावी आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे. विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, मात्र पोलिसांकडे फिर्याद वेळेवर दिलेली असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. मूळ दोन्ही किल्ल्या दाव्याच्या वेळी मागितल्या जातात. त्या जपून ठेवाव्यात. भारतात विम्याचा हप्ता गाडीच्या रंगावर ठरत नाही. लाल मोटारीला हप्ता जास्त पडतो, ही समजूत निराधार आहे.

हप्त्याशी नसला तरी जिवाशी रंगाचा संबंध आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसाउजेडी काळ्या मोटारींचा अपघाताचा धोका पांढऱ्या मोटारींपेक्षा बारा टक्क्यांपर्यंत अधिक आढळला. इतर काही गडद रंगांचा आणि चंदेरी, करड्या रंगांचाही धोका पांढऱ्यापेक्षा जास्त होता. चोराच्या गर्दीत मिसळणारा पांढरा रंग समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या नजरेत मात्र चटकन भरतो. या दोहोंत निवड करायची झाली, तर मी स्वतः अपघाताचा विचार आधी करीन. चोरीस गेलेल्या मोटारीसाठी विमा आहे, किल्ली आहे, पोलीस आहेत.

सभेपूर्वी आपणांपैकी एकाने चिठ्ठीवर विचारले आहे की, मोटारीचा रंग बदलायचा झाल्यास काय करावे. आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून रीतसर अर्ज द्यावा. रंग दिल्यानंतर वाहन दाखवून नोंदणी-प्रमाणपत्रात नव्या रंगाची नोंद करून घ्यावी, आणि त्याची प्रत विमा कंपनीला पाठवावी. रंगकाम करणाऱ्याची पावती सांभाळून ठेवावी. प्लास्टिकच्या रंगीत आवरणाने संपूर्ण गाडी मढविण्याची हल्ली पद्धत पडली आहे. तेव्हाही गाडीचा दिसणारा रंग आणि कागदावरचा रंग जुळत नसल्यास तपासणीत विचारणा होऊ शकते, म्हणून आधी कार्यालयाला विचारून घ्यावे. रंग कोणता घ्यावा हे मात्र मी सांगणार नाही. त्याचा निर्णय घरी, त्या अर्ध्या तासाच्या वादातच व्हावा. फक्त ऑलिव्ह हिरवा तेवढा मागू नका.